शाळेचा शेवटचा फोटो आणि अंगावरचे कपडे

शिरगावच्या किल्ल्याविषयी बोलणारांची या गावाला कधी वाण पडलेली नाही. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर हाती आले आणि मे महिन्यात वसई पडली, हे येथील शाळकरी मुलगाही सांगेल. आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत तो इतिहास घराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. मुलगा मॅट्रिक झाला, मुलगी अकरावी झाली, अलीकडच्या हिशेबाने दहावी झाली, त्या वेळी काढलेला फोटो. त्या फोटोसाठी कपडे कोणते घालावयाचे, ते कोणी ठरवावयाचे आणि ते आणावयाचे कोठून, एवढाच आमचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही, जे वाचले ते ग्रंथालयात आणि रात्रपाळीच्या गाडीत वाचले. पण बैठकांच्या निमित्ताने पालघर-बोईसरच्या चाळींतून, सातपाटी-शिरगावच्या घरांतून पुष्कळ हिंडणे झाले. घरात बसावयास एकच खुर्ची असते, परंतु भिंतीवर कोट घातलेल्या मुलाचा फोटो असतो. तो कोट त्या घरात दुसरीकडे कोठेही दिसत नाही. कपाटात नाही, खुंटीवर नाही. तेव्हा तो आला कोठून, हा प्रश्न आम्हाला पडला व त्याचा माग काढता काढता आम्ही दीडशे वर्षे मागे गेलो.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. म्हणजे कॅमेरा आपल्या माणसांच्या हाती फार उशिरा आला असे नाही. परंतु गरीब माणूस त्या कॅमेऱ्यासमोर आला तो स्वतःच्या इच्छेने आला नाही. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून त्यांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. माणसांचे फोटो वेगळे काढावयाचे आणि मागे देखावा दुसराच चिकटवावयाचा, अशी त्यांतील अनेक चित्रांची तऱ्हा आहे. पुढे सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड काढले, १८६८ ते १८७५ या काळात. या पुस्तकांत माणसाच्या नावाला किंमत नाही. त्याची जात आणि त्या जातीचे म्हणून ठरलेले कपडे यांना किंमत आहे. कोळी म्हटला की तो कोळ्यासारखा दिसला पाहिजे, वाणी वाण्यासारखा. उद्या त्या कोळ्याने कोट घालून येतो म्हटले असते तर साहेबाने त्याला परत पाठविले असते, कारण कोट घातलेला कोळी त्यांच्या पुस्तकात कोठे बसवावा हे त्यांना कळले नसते.

कपडे दुसऱ्याने ठरविलेले आणि फोटो आपला, अशी ही सुरुवात आहे. यापुढची सारी कथा म्हणजे ती निवड आपल्या हाती घेण्याची धडपड होय, असे आमचे मत आहे.

या धडपडीचा एक फार सुंदर पुरावा विद्यार्थ्यांच्याच फोटोत मिळतो. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक समारंभ झाला. त्या प्रसंगी तीन परदेशी विद्यार्थिनींचा एकत्र फोटो काढण्यात आला: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आता, हे केवळ हौसेने झाले असे कोणी समजू नये. अमेरिकेस जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले होते. अठरा वर्षेही पुरी न झालेली ही मुलगी! परंतु फिलाडेल्फियाची थंडी काही श्रीरामपूरच्या सभेला उपस्थित नव्हती. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी पसंत केली. निश्चय मोडला नाही आणि हट्टही धरला नाही. कपड्याच्या बाबतीत इतका समंजस निर्णय आम्ही फार थोड्या मोठ्या माणसांनी घेतलेला पाहिला आहे. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या. मागे राहिलेल्या या फोटोतील साडी त्यांची स्वतःची निवड होती.

दुसरे उदाहरण फोटोचे नाही, पण पोशाखाचे आहे, म्हणून येथे घेतो. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी झाली. यजमान हरी रावजी चिपळूणकर हे जोतीराव फुल्यांचे मित्र. सारे पाहुणे जरीच्या पागोट्यांत. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी आणि पायांत फाटक्या वहाणा. पहारेकऱ्याने त्यांना अडविले. आत गेल्यावर त्यांनी ड्यूकला सांगितले की, या दागदागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून देशाची परीक्षा करू नये. जोतीरावांना चांगले कपडे नव्हते काय? होते. ते कंत्राटदार होते, त्यांच्या अंगावर व्यवस्थित पोशाख असे. त्यांनी त्या दिवशी मुद्दाम गरिबाचे कपडे उसने घेतले, असे म्हणा. आणि आमच्या भिंतीवरचा मुलगा श्रीमंताचे कपडे उसने घेतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिसतात, तरी दोन्ही एकच अर्ज आहेत: आम्हाला नीट पाहा.

आता कोटाकडे वळू. स्टुडिओत कोट ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र होती. एक काळा कोट, एक टाय, कोठे मनगटी घड्याळ, तिवईवर फुलदाणी, हातात धरावयास एक जाडसे पुस्तक आणि मागे रंगविलेला पडदा, त्यावर जिना आणि खांब. कोट साऱ्यांना एकच. बारीक मुलाला तो मागून टाचण्यांनी घट्ट करीत आणि जाड मुलाला तो केवळ समोरून घातल्यासारखा दिसे, मागचा भाग कॅमेऱ्याला थोडाच दिसतो! शहाणे लोक या प्रकाराला हसतात. खोटा कोट, खोटा जिना, खोटी श्रीमंती. आम्हाला तसे हसू येत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण निव्वळ रसायनाचे आहे व ते फारसे कोणी सांगत नाही. जुन्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांना फार लवकर लागे, तांबड्याचा त्यांना पत्ताच नसे. त्यामुळे निळे लुगडे फोटोत पांढरेफटक येई. हळदीच्या रंगाचे पातळ काळसर होई. कपाळावरचे लालभडक कुंकू काळे पडे. आजीच्या फोटोत कुंकू काळे का, असे नातवंडे विचारतात, त्याचे उत्तर हे. तांबड्यापर्यंतचे सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ साली इंग्लंडात विकावयास आल्या. त्यांचा सर्रास वापर त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाला. पुन्हा पांढरे धोतर, पांढरा सदरा उजेडात असा चमके की त्याच्या चुण्या नाहीशा होत आणि चेहरा त्यामानाने काळाठिक्कर निघे. अशा वेळी फोटोवाल्याने ‘गडद काही घाला’ म्हणून सांगणे स्वाभाविक होते. गरिबाकडे गडद म्हणजे काय असणार? कोळ्याचा रुमाल, नाही तर घोंगडी. तेव्हा स्टुडिओचा कोट हा काही अंशी धंद्याची गरज होता, असा आमचा तर्क आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्या कोटाचा अर्थ सर्वांना एकच नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी स्वतंत्र भाषण केले. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसणे आणि हातापायांत जड दागिन्यांचे ओझे घालणे ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी बायका पायघोळ लुगडी नेसून आल्या. एका रात्रीत! कायदा नाही, सरकारी हुकूम नाही. लुगडे तेच, नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली. आणि ती बदलण्याला धैर्य लागत होते, कारण कोणत्या जातीने काय नेसावे याचा पहारा गावात बंदूकवाल्या शिपायापेक्षा कडक होता. बाबासाहेब स्वतः सूट घालीत व तो नेटका घालीत. ते साहेबी थाटात राहतात म्हणून नाक मुरडणारे लोक होतेच. ज्यांच्या बापजाद्यांना नवे कापड नेसण्याचीही चोरी होती, त्यांच्या मुलाने शाळा संपविल्यावर कोट घालून फोटोला बसणे हे नक्कल करणे नव्हे. त्याने उसन्या कोटात आपली जागा मागितली आहे. कोट स्टुडिओचा असेल, पण त्यात बसण्याचा हक्क महाडला मिळविलेला होता.

कोटाबरोबर टोपी आली. आपल्या भागातील जुन्या वर्गांचे सामूहिक फोटो पाहावेत. गुरुजी खुर्च्यांवर, मुख्याध्यापक मधोमध, उंच मुले मागे उभी, लहान मुले पुढे सतरंजीवर मांडी घालून. प्रत्येक डोक्यावर काही तरी आहे. उघड्या डोक्याने फोटोला बसणे शिष्टाचाराला सोडून होते. पागोटे, मग काळी टोपी, मग पांढरी टोपी. या पांढऱ्या टोपीला १९२० नंतर राजकारणाचा वास येऊ लागला. सोलापुरास मे १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला तेव्हा रस्त्यातल्या माणसांच्या डोक्यांवरून गांधी टोप्या उतरविण्यात आल्या. ज्या टोपीला सरकार भीत होते ती घालून वर्गाच्या फोटोत बसणे म्हणजे निवेदनावर सही करणेच होय. आपल्या पालघरात १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबार झाला व पाच जण हुतात्मे झाले. त्या दोन-तीन वर्षांतला एखादा शाळेचा फोटो कोणाच्या घरी असेल तर त्यात किती टोप्या पांढऱ्या आणि किती काळ्या हे मोजून पाहावे. त्याच काळात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आले. रेशनचे जाडेभरडे कापड मिळेल ते घेणे भाग पडले. त्यामुळे एका घरातल्या दोघा भावांचे सदरे आणि बहिणीचे परकर-पोलके एकाच ताग्याचे, असे दिसणे मुळीच नवलाचे नव्हते.

जाता जाता एक गोष्ट. अशा सामूहिक फोटोंत कडेला बहुधा शाळेचा शिपाई उभा असतो, नीट बटणे लावून. खाली सर्वांची नावे छापलेली असतात आणि त्याच्या जागी ‘शिपाई’ एवढेच असते किंवा काहीच नसते. जॉन्सनसाहेबाचे पुस्तक अजून पुरते बंद झालेले नाही, असे तेव्हा वाटते.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या. मॅट्रिक जाऊन एस. एस. सी. आली, ती अकरावीला होती, १९७५ पासून दहावीला आली. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. कापडाच्या गिरण्या तेथेही आल्या. टेरिकॉट आले, ते चुरगळत नसल्यामुळे फोटोसाठी उत्तम. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले व अनेक गिरण्यांचे भोंगे पुढे वाजलेच नाहीत. ज्यांनी देशाला कापड पुरविले त्यांच्या मुलांच्या त्या वर्षीच्या फोटोंतले कपडे कोणी तरी अभ्यासावेत. आमच्या चळवळीच्या ग्रंथांत वेतनाचे आकडे पुष्कळ आहेत, त्या कपड्यांवर एक ओळ नाही.

मुलींच्या फोटोची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. शाळेच्या निरोप समारंभाला मुलींनी साडी नेसून यावयाचे, ही चाल आता इतकी रूढ झाली आहे की ती अनादी वाटते. ज्या काळी अकरावीतील मुलगी रोजच साडी वा लुगडे नेसत होती त्या काळी या चालीला अर्थच नव्हता. रोजचा वेष स्कर्ट किंवा पंजाबी ड्रेस झाला, तेव्हाच साडी हा एका दिवसाचा वेष झाला. मुलगी आईची साडी घेते. साडी कोणालाही होते, ही त्या वस्त्राची थोरवी; पण पोलके होत नाही. मग टाचण्या, मग शेजारणीकडे शोध, मग शिंप्याकडे निकड. तरीही त्या फोटोत आई असते असे आम्ही म्हणू. मुलाच्या फोटोतील कोटात बाप कोठेच नव्हता: बाप ताडावर चढत होता किंवा होडीवर होता. मुलीच्या फोटोत आईची साडी आहे.

पण अलीकडे आईच्या साडीने भागत नाही. सगळ्यांनी एकाच रंगाच्या घ्यावयाच्या, मुलांनी कोट भाड्याने आणावयाचे, केशरचना, फोटोवाला, त्याचा ड्रोन. बोईसरला कंत्राटी कामगार म्हणून बारा-बारा तास उभा राहणारा माणूस जानेवारी-फेब्रुवारीत उचल मागावयास येतो आणि कारण सांगताना खाली पाहतो, ‘पोरीच्या सेंड-ऑफला पाहिजेत.’ ज्याला उचल मिळत नाही त्याची मुलगी त्या दिवशी आजारी पडते. फोटोत तिची जागा रिकामीही राहत नाही. बाकीच्या सरकून उभ्या राहतात. कोण आले नाही हे त्या फोटोवरून कोणालाच कळणार नाही, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील अन्याय तो हा.

यावर उपाय म्हणून गणवेशातच फोटो काढावा, असे काही शिक्षक म्हणतात. आम्ही पूर्वी त्या बाजूचे होतो आणि पुष्कळसे अजूनही आहोत. समान वेष हे कामगाराला नेहमीच आवडते तत्त्व. परंतु दुसरी बाजू सांगितली पाहिजे. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र फोटो काढून तो वार्षिकात छापण्याची मोठी परंपरा आहे. १८६० च्या सुमारास जॉर्ज वॉरन नावाच्या छायाचित्रकाराने हार्वर्डसारख्या महाविद्यालयांच्या वर्गांचे असे संग्रह बनविले, तेथून ती चाल शाळांत पसरली. तेथे गंमत अशी की, अनेक ठिकाणी मुलींच्या खांद्यांभोवती काळ्या मखमलीचे एक वस्त्र गुंडाळतात आणि मुलांना काळा कोट चढवितात, आणि ही दोन्ही वस्त्रे फोटोवाल्याचीच असतात, एकामागून एक सर्वांना तीच! जगातल्या सर्वांत धनाढ्य देशातही स्टुडिओचा कोट आहेच. आपल्या लोकांनी उगाच लाजू नये. पण त्या कोटाने तेथे तंटाही झाला. मिसिसिपी राज्यातील एका मुलीने मखमलीऐवजी मुलांचा काळा कोट घालून फोटो काढला. शाळेने २०१० च्या वार्षिकात तिचा फोटो छापला नाही. प्रकरण न्यायालयात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली आणि त्या शाळेने पुढे सर्वांनी पदवीदानाचा झगा व टोपी घालूनच फोटो काढावा असा नियम केला. म्हणजे समान वेष आला, पण तो एका मुलीने आपल्या निवडीसाठी भांडण केल्यामुळे आला. वरून लादलेली समानता आणि खालून मागितलेली समानता यांतला फरक कामगारांना शिकवावा लागत नाही.

म्हणून आम्ही वर्गावर्गांतून मुलांना एवढेच सुचवीत आलो आहोत की, ठरवावयाचे ते सर्वांनी एकत्र बसून ठरवा, आणि ज्याला परवडत नाही त्याला हात वर करावयास न लावता ठरवा. पहिला फोटो सर्वांचा गणवेशात, त्यानंतर ज्याला जे हवे ते घालून दुसरा, अशी तोड काही वर्गांनी आपण होऊन काढली. आम्हाला ती आवडली. आमच्या संघटनेला इतका सोपा ठराव करण्यास तीन बैठका लागल्या असत्या.

परंतु गणवेश म्हटला तरी तो येतो कोठून, हे पाहावे लागते. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सरकारी योजनेतून वर्षाला दोन गणवेश, त्यासाठी ६०० रुपये, हे पहिली ते आठवीपर्यंत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने साऱ्या राज्याला एकच गणवेश शिवून देण्याचा प्रयोग केला. कपडे वेळेवर मिळेनात, मापे चुकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते काम पुन्हा शाळांच्या व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचे ठरले. दहावीचा यात कोठेच संबंध नाही. ज्या वर्षी फोटो निघतो त्या वर्षी सरकारचा गणवेश बंद होऊन दोन वर्षे झालेली असतात, आणि याच दोन वर्षांत मुलगा वीतभर उंच होतो.

मग आठवीतलीच पँट काढावयाची आणि शिंप्याने आत ठेवलेली दुमड उसवावयाची. दुमडीच्या आतले कापड उन्हाला व धुण्याला लागलेले नसते, त्यामुळे तेवढा पट्टा गडद राहतो. दहावीच्या एखाद्या वर्गाचा फोटो हाती आला की उभ्या रांगेतील मुलांच्या पायांशी, घोट्याच्या वर बोटभर, हा पट्टा कोणाकोणाच्या पँटीला आहे हे पाहावे. काहींच्या पँटीला दोन पट्टे असतात.